खडखड, घरघर आणि गुणगुण

मराठी व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार सांगतात : पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. पहिल्याचे उदाहरण 'पुढेपुढे', दुसऱ्याचे 'शेजारीपाजारी' आणि तिसऱ्याचे 'गुणगुण'. गेली अठरा वर्षे मी हे वर्गात शिकवते आहे, आणि गेली अठरा वर्षे तिसऱ्या प्रकारापाशी आले की बाकांवर खसखस पिकते. मी फळ्यावर 'किरकिर, कुरकुर, घरघर, खडखड' असे लिहू लागले, की मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी ते आवाज तोंडाने काढून दाखवतो. आणि दर वर्षी कोणी तरी विचारतोच, "मॅडम, परीक्षेतले दोन गुण सोडले तर ह्या शब्दांचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. आवाजाला नाव असून नसून काय बिघडते? आवाज आला की कानाला कळतो, थांबला की बरे वाटते. त्यासाठी कोशात चाळीस शब्द कशाला हवेत? वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या उन्हाळ्यात मला मिळाले, आणि ते भाषाशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, आमच्या झोपायच्या खोलीतल्या भिंतीवर, पडद्याच्या दांडीच्या वर टांगलेले होते.

मी एसीविषयी बोलते आहे. त्याला शासकीय मराठीत 'वातानुकूलन यंत्र' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि विषय मराठीचा असल्यामुळे मी तो शब्द वापरावा अशी काही मंडळींची अपेक्षाही असेल. परंतु मे महिन्यात रात्री अकरा वाजता घामाने भिजलेला माणूस "अगं, वातानुकूलन यंत्र लाव" असे म्हणत नाही.

ह्या यंत्राच्या जन्माची हकीकत दिवाळी अंकाच्या वाचकाला आवडावी अशी आहे. माणसाला गार वाटावे म्हणून ते जन्मलेच नाही. ते जन्मले कागदासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एक छापखाना होता. रंगीत छपाईत एकेक रंग वेगळा छापावा लागतो, आणि उन्हाळ्यातल्या दमट हवेत कागद फुगे, आकसे. त्यामुळे तांबड्यावर निळा रंग नेमका बसत नसे. हा त्रास निवारण्यासाठी विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्राचा आराखडा काढला. पुढे सातच वर्षांनी, १९०९ साली, काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक मुंबईत निघाला. त्या छापखान्यातल्या कागदाला ही सुखसोय नक्कीच नसणार. तेव्हा त्या अंकाच्या मुद्रकाला मनातल्या मनात नमस्कार करून पुढे जाऊ.

दुसरी गंमत 'टन' ह्या शब्दाची. आमचा एसी दीड टनाचा आहे असे दुकानदाराने सांगितले, तेव्हा सासूबाईंनी आधी भिंतीकडे आणि मग माझ्याकडे काळजीने पाहिले होते. हा टन वजनाचा नव्हे, बर्फाचा. यंत्रे येण्यापूर्वी थंडावा म्हणजे बर्फ हेच समीकरण होते. १८३३ साली 'टस्कनी' नावाचे जहाज अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यातला बर्फ भरून चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला आले होते. मग यंत्रे आली तेव्हा त्यांची ताकद बर्फाच्याच मापाने मोजू लागले. दोन हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा, बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता उचलणारे यंत्र एक टनाचे. आजच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॅट.

'उचलणारे' हा शब्द मी जाणून वापरला आहे. एसी थंडी तयार करीत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आतल्या पेटीत थंड नळ्यांचे जाळे आणि त्यावरून हवा फिरवणारा लांबट पंखा, म्हणजे ब्लोअर. बाहेरच्या पेटीत गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, गरम नळ्यांचे जाळे आणि मोठा पंखा. दोन्ही पेट्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या. गॅस आत उष्णता घेतो, बाहेर सोडतो, पुन्हा आत येतो. सारांश, आपल्या घरातला नको असलेला भाग गुपचूप बाहेर टाकायचा, हे ह्या यंत्राचे काम. बाहेर म्हणजे कोणाच्या दारात, ह्याचा विचार यंत्र करीत नाही.

तर ह्या एप्रिलमध्ये आमचा सहा वर्षांचा एसी बोलू लागला. कंपनीच्या फोनवर तक्रार नोंदवताना तिकडच्या मुलीने विचारले, "प्रॉब्लेम काय आहे?" हे म्हणाले, "आवाज येतो." तिने विचारले, "कसा आवाज?" बँकेत सत्तावीस वर्षे काढलेल्या माणसापुढे हा प्रश्न प्रथमच आला असावा. ह्यांनी क्षणभर विचार करून सांगितले, "मोठा." इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी बाजूने सुचवले, "बाबा, सांगा, व्हायब्रेशन आहे." मी 'खडखड' म्हणाले. एवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "खडखड एक नाही. तीन आहेत. पहिली जात्याची खुंटी सैल झाल्यासारखी. दुसरी घागरीत पाणी बुडबुडतं तशी, पण ती संध्याकाळीच. आणि तिसरी रात्री. ती कानाला येत नाही, पाठीला येते."

फोनवरच्या मुलीने ह्यातले काय टिपून घेतले ते कळले नाही. पण सासूबाईंची ती तीन वाक्ये मी वहीत लिहून ठेवली. त्यांचे बालपण रत्नागिरीकडच्या खेड्यात गेले. रहाटाच्या कुरकुरीवरून वंगण संपले की नाही हे त्या अंथरुणातून ओळखत, आणि जात्याच्या घरघरीवरून पीठ जाड पडते आहे की बारीक हे त्यांच्या आईला दुसऱ्या खोलीतून कळे. यंत्र कानाने तपासण्याची विद्या त्या काळी घरोघर होती. तिला कोणी विद्या म्हणत नव्हते इतकेच.

दोन दिवसांनी मेकॅनिक आला. पंचविशीचा, जालन्याकडचा मुलगा. आयटीआयमध्ये ह्याच कामाचा दोन वर्षांचा कोर्स केलेला. त्याने पिशवी खाली ठेवली आणि एसी लावून पाच मिनिटे नुसता उभा राहिला. ह्यांना वाटले, कामचुकारपणा. मग मी त्याला वहीतली तीन वाक्ये वाचून दाखवली. तो हसला नाही. म्हणाला, "आजींनी बरोबर सांगितलंय. तीन वेगळे आहेत. एकेक घेऊ."

पहिला आवाज त्याने तळहाताने पकडला. चालू एसीच्या पुढच्या झाकणावर त्याने हलकेच हात दाबला, खडखड थांबली. हात काढला; सुरू झाली. झाकणाची एक खुंटी खाचेतून निसटली होती आणि मागचा एक स्क्रू सैल होता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. 'जात्याची खुंटी' हा अलंकार नव्हता, निदान होते. स्क्रू आवळल्यावरही थोडी घरघर उरली. मग त्याने मेन स्विच बंद करून फिल्टर काढले, बॅटरीचा झोत आत टाकला आणि आम्हाला ब्लोअर दाखवला. त्याच्या पात्यांवर धुळीचा थर चढला होता, आणि तो सगळीकडे सारखा नव्हता. "एका बाजूला धूळ जास्त बसली की पंखा तोल सोडून फिरतो. मग घरघर, आणि पुढे बेअरिंग जातं." ब्लोअर धुतल्यावर ती घरघरही गेली.

दुसऱ्या आवाजाने मात्र त्याला चकवले. घागरीची बुडबुड दुपारी चार वाजता येतच नव्हती. "संध्याकाळी नेमकी केव्हा?" त्याने विचारले. सासूबाई म्हणाल्या, "ही कॉलेजातून येऊन फोडणी टाकते तेव्हा." त्याचा चेहरा उजळला. "चिमणी लावा बरं स्वयंपाकघरातली," तो म्हणाला. ओट्यावरची चिमणी सुरू केली, आणि मिनिटभरात एसीतून गुडगुड गुडगुड असा घागरीचा आवाज येऊ लागला. सर्व खिडक्या बंद, चिमणी घरातली हवा बाहेर ओढते. घराला कोठून तरी हवा हवी असते. ती एसीच्या पाण्याच्या नळीतून उलटी आत शिरते आणि नळीतल्या पाण्याला बुडबुडे आणते. त्याने स्वयंपाकघराची खिडकी चार बोटे उघडली. बुडबुड बंद. ह्या दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये. ह्यांनी तेव्हा प्रथमच त्याला चहा विचारला.

चहा पिता पिता त्याने मला जे कोष्टक सांगितले, ते मी येथे देते. कारण ते कोणत्याही कोशात नाही, आणि दिवाळीच्या साफसफाईत वाचकांच्या उपयोगी पडेल.

'तडतड' किंवा 'कट्कट्' असा अधूनमधून आवाज, विशेषतः एसी लावल्यावर आणि बंद केल्यावर : प्लॅस्टिकचे झाकण गार होताना आकसते, गरम होताना प्रसरण पावते. आजार नाही, आळस देणे आहे. बंद करताना 'सूंऽऽ' : नळ्यांतला दाब सारखा होतो आहे, तोही आजार नाही. पण चालू असताना सतत 'हिस्स' आणि खोली पूर्वीसारखी गार होत नाही, आतल्या नळ्यांवर बर्फाचा पापुद्रा धरतो : गॅस गळत असण्याचा संभव. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कोठे तरी भोक आहे. ते न शोधता नुसता गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आणि हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत जो आर-३२ नावाचा गॅस असतो, तो थोडासा ज्वलनशीलही आहे. तेव्हा हे काम जाणकाराचेच.

'फडफड' किंवा 'टर्रर्र' : पंख्याच्या पात्याला काही तरी घासते आहे, सुके पान, पिशवीचा तुकडा, बाहेरच्या पेटीत कबुतराच्या घरट्याच्या काड्या. 'चिरचिर', 'किंचाळी' : मोटरचे बेअरिंग कोरडे पडले किंवा झिजले. बाहेरून 'हूंऽऽ' असा हुंकार, मग 'टक्', आणि दोनतीन मिनिटांनी पुन्हा तेच : कॉम्प्रेसर उठू पाहतो आणि उठवत नाही, पुष्कळदा कपॅसिटर नावाचा भाग अशक्त झालेला असतो. ह्या कपॅसिटरविषयी तो मुलगा फार गंभीरपणे बोलला. विजेचे बटण बंद केले तरी त्याच्यात वीज साठून राहते, आणि ती झटका देऊ शकते. तेव्हा बाहेरच्या पेटीचे झाकण घरच्या माणसाने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उघडू नये, मग तो माणूस इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला का असेना. शेवटचे वाक्य माझे आहे.

खिडकीत बसणाऱ्या जुन्या धाटणीच्या एसीतून 'छपछप' ऐकू आली तर घाबरू नये. त्यांतल्या पुष्कळांच्या पंख्याला एक कडे असते. ते खाली साचलेले पाणी उडवून गरम नळ्यांवर शिंपडते, म्हणजे त्या लवकर निवतात. ती छपछप कारागिराने मुद्दाम ठेवलेली आहे.

आपण स्वतः करायचे ते एवढेच : मेन स्विच बंद करून फिल्टर काढावा, साध्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा आणि परत बसवावा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. फिल्टर तुंबला की हवा कमी येते, यंत्राला काम जास्त पडते, आणि काम जास्त पडले की यंत्रही माणसासारखेच कुरकुरते.

राहिला तिसरा आवाज. रात्री येणारा, कानाला न कळता पाठीला कळणारा. तो दिवसा सापडेना. मेकॅनिक म्हणाला, "आता दोन गेलेत. तिसरा राहिला तर फोन करा," आणि निघून गेला. आमच्या पलंगावर पडून मला तो ऐकू येत नव्हता. ह्यांना तर दिवाळीतले सुतळी बॉम्बसुद्धा झोपेत ऐकू येत नाहीत. सासूबाईंची पाठ वयाने दुखत असेल, अशी घरात समजूत झाली.

आमच्या खालच्या मजल्यावर काका-काकू राहतात. काका शाळेत मुख्याध्यापक होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ज्यांच्या शुद्धलेखनाच्या धास्तीने सोसायटीची सूचना देखील दोनदा तपासून फळ्यावर लागत असे, त्यांच्यापाशी आता दोनचार अस्पष्ट शब्द उरले आहेत. त्यांचा पलंग खोलीच्या ज्या भिंतीशी आहे, तिच्याच बाहेर, वरच्या अंगाला, आमच्या एसीची बाहेरची पेटी लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेली आहे.

सासूबाई दर गुरुवारी भाजी निवडायला घेऊन काकूंकडे बसायला जातात. मे महिन्यातल्या एका गुरुवारी त्यांना तेथे बराच उशीर झाला. रात्री साडेनऊला आमच्याकडे एसी लागला. थोड्या वेळाने काका पडल्यापडल्या 'हूंऽऽ... हूंऽऽ' असा आवाज काढू लागले. काकू म्हणाल्या, "हे असं महिनाभर चाललंय हो रात्रीचं. काही दुखतंय का विचारलं तर मान हलवतात. डॉक्टरांना दाखवलं, पोट तपासलं, औषध बदललं. रात्र रात्र डोळा लागत नाही ह्यांचा." सासूबाई ऐकत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आले, की काकांचा हुंकार एकसारखा नाही. तो चढतो, थांबतो, उतरतो. त्यांनी उठून पलंगाशेजारच्या भिंतीला तळहात लावला. भिंत तसाच हुंकार देत होती. काका चढले की भिंत चढत होती.

काका कण्हत नव्हते. ते सांगत होते. सगळे शब्द गेले होते. ज्याच्या योगाने मूल बोलायला लागते, तो अनुकरणाचा एक शब्द शिल्लक होता, आणि तो ते महिनाभर वापरत होते. आम्हा पदवीधरांच्या इमारतीत तो कोणालाही लागला नव्हता.

सासूबाई वर आल्या त्या चप्पल न काढताच. म्हणाल्या, "तो एसी बंद कर आधी. खाली काका बोलताहेत." एसी बंद झाला, आणि खाली पाच मिनिटांत काकांचा आवाजही थांबला. त्या रात्री आम्ही पंख्यावर झोपलो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक पुन्हा आला. ह्या वेळी तो वर आलाच नाही; थेट काकांच्या खोलीत गेला. चिरंजीवांना आमच्या खोलीत रिमोट घेऊन उभे केले, आणि फोनवरून हुकूम सुटू लागले : "सत्तावीस करा... आता अठरा करा." हल्लीचे इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसर एकाच वेगाने फिरवीत नाहीत, गरजेप्रमाणे वेग चढवतात, उतरवतात. मेकॅनिक भिंतीला हात लावून उभा होता. एका विशिष्ट वेगाला भिंत एकदम गुणगुणू लागली. वेग त्याहून चढला की गुणगुण कमी झाली. ह्याला अनुनाद म्हणतात. तंबोऱ्याची एक तार छेडली की जुळलेली दुसरी तार हात न लावता बोलते, तेच हे; फक्त येथे एक तार कॉम्प्रेसरची आणि दुसरी काकांच्या भिंतीची होती. मग त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक भिंतीला आणि मूठ कानाला लावून निरनिराळ्या जागा ऐकल्या. डॉक्टरच्या नळीचे हे गरिबाघरचे रूप.

चिरंजीवांनी मोबाइलवर आवाज मोजला. मोबाइलचे आकडे काट्याला काटा खरे नसतात. पण चाळीस डेसिबलच्या आत काही तरी आले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळेत ४५ आणि दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने आमचा एसी निर्दोष होता! पण ह्या मोजणीत खालच्या पट्टीतले आवाज कमी धरले जातात, कारण माणसाच्या कानाला ते एरवी कमी ऐकू येतात. आणि नेमके तेच आवाज भिंतीतून सर्वांत सहज जातात. जो माणूस दिवसभर त्या भिंतीला पाठ लावून पडला आहे, त्याच्यासाठी वेगळा आकडा नियमांत नाही.

आता बाहेर उतरणे आले. पेटी खिडकीबाहेर, चौथ्या मजल्याच्या उंचीवर. मेकॅनिक खिडकीच्या कठड्यावर पाय टाकू लागला, तो सासूबाईंनी त्याचे मनगट धरले.

"दोर कुठाय?"

"आजी, दोन मिनिटांचं काम आहे."

"पट्टा नाही का तुझ्याकडे?"

"आहे ना पिशवीत. पण बांधायला वेळ जातो, पुढचा कॉल असतो."

"वेळ आमचा जाऊ दे. तुझ्या आईनं तुला ह्या खिडकीसाठी नाही वाढवलं."

त्याने पट्टा काढला. त्याची घडी मोडलेली नव्हती. चिरंजीवांनी आणि ह्यांनी मिळून दोराचे टोक कोठे बांधायचे ते त्याच्याकडून समजावून घेतले आणि बांधले. ह्या बांधाबांधीत अकरा मिनिटे गेली. शहरात उन्हाळ्याच्या दिवसांत कोणत्याही इमारतीकडे मान वर करून पाहावे. छज्जावर, पत्र्यावर, नुसत्या नळाला धरून उभा असलेला असा एखादा मुलगा दिसतो. आपल्या खोलीतले दोन अंश उतरवण्यासाठी तो तेथे चढलेला असतो.

बाहेर तीन गोष्टी सापडल्या. पेटीच्या पायांखालचे रबर उन्हाने दगडासारखे टणक झाले होते. रबराचे काम हादरा गिळण्याचे, ते त्याने सोडून दिले होते. ब्रॅकेटचा एक नट खाडीच्या खाऱ्या हवेने गंजून सैल झाला होता. आणि तांब्याची नळी, वरचे आवरण कुजून गेल्यामुळे, भिंतीला टेकून थरथरत होती. नवी जाड रबरे आली, गंजलेला नट-बोल्ट बदलला, नळीवर नवे फोमचे आवरण चढवून ती भिंतीपासून बोटभर दूर धरली. सगळे मिळून दीड तास. एसीच्या पोटातला एकही भाग बदलावा लागला नाही. यंत्र मुळात ठणठणीत होते. त्याचे पाय दुखत होते.

त्या रात्री साडेनऊला आम्ही एसी लावला आणि सासूबाई खाली जाऊन बसल्या. २४ अंशांवर लावला होता. २०२० सालापासून नवे एसी सुरुवातीला २४ वरच लागतात, तसा केंद्राच्या ऊर्जा-बचत खात्याचा दंडकच आहे; आमच्या घरी मात्र तो त्या दिवसापासून रिमोट हातात असणाऱ्यांनाही लागू झाला. यंत्राला फार धावावे लागले नाही, म्हणजे त्याला फार बोलावेही लागत नाही. दहाला सासूबाई वर आल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. "झोपले," एवढेच म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

काकूंना मी नंतर विचारले, की महिनाभरात एकदाही आम्हाला का सांगितले नाही? आवाज भिंतीतून येतो हे त्यांना ठाऊक नव्हते, हे खरे. पण त्या पुढे म्हणाल्या, "थोडी घरघर मलाही वाटायची. पण म्हटलं, तुमच्याकडे मुलाच्या परीक्षा, उकाडा केवढा! उगाच कशाला?" मध्यमवर्गीय शेजारधर्मात तक्रार करणे हे वाईटपणाचे लक्षण मानतात. गैरसोय सोसणारा 'काही नाही हो' म्हणतो, आणि गैरसोय करणारा ते अक्षरशः खरे मानतो. दोघेही सज्जन असतात, आणि मधल्या भिंतीशी एक आजारी माणूस जागा असतो.

ऑक्टोबरचा उकाडा उतरत आला आहे. आता बहुतेक घरांतले एसी तीन-चार महिने विश्रांती घेतील. बंद करण्यापूर्वी तो अर्धा तास नुसता पंख्यावर चालवावा, म्हणजे आतला ओलावा वाळतो आणि कुबट वास धरत नाही. फिल्टर धुवावा. मेकॅनिकला बोलवाल तेव्हा 'आवाज येतो' असे सांगू नये. कसा, केव्हा, कोठून येतो ते सांगावे, आणि त्यासाठी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा शब्द आधी घ्यावा. तो बाहेर उतरणार असेल तर पट्टा बांधल्याशिवाय उतरू देऊ नये.

आणि फराळाचे ताट घेऊन खालच्या, वरच्या, शेजारच्या घरी जाल, तेव्हा एवढे विचारून या, की आमच्या यंत्राचा तुम्हाला त्रास होतो का? उत्तर बहुधा "छे हो, काही नाही" असेच येईल. ताट तेथे ठेवा, आणि निघण्यापूर्वी त्यांच्या भिंतीला एकदा हात लावून पाहा.